माती सर

सरांना खरं नाव आहे, पण ते फक्त लाइटबिलावर. इंजिनीअरिंगच्या पोरांसाठी ते 'माती सर'. क्रांती चौकात चहाला भेटले आणि चुकून विचारलंत, "सर, घराचं कुठवर आलं?" की तुमचा चहा गार झालाच म्हणून समजा.

"भूकंपात माती कशी हलेल, ते काढायच्या दोन पद्धती आहेत बघ. आपल्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्याला सातानं भागलं, की कागदावर रोज येतं. ही झाली इक्विव्हॅलंट लिनिअर. अख्ख्या भूकंपभर मातीचा ताठरपणा एकच धरायचा. ती किती पिळली बघायचं, कमाल पिळाच्या ६५ टक्क्यांवर ताठरपणा पुन्हा ठरवायचा, परत गणित, जुळेपर्यंत. बर्कलीचा १९७२चा 'शेक' प्रोग्रॅम तो हाच. नॉनलिनिअरमध्ये नळापाशी ठाण मांडायचं, कोरड्या मंगळवारी कोरडंच लिहायचं."

"मग खरी कोणती?"

"हलकं हललं तर दोन्ही सारख्याच. जोरात हललं, माती मऊ निघाली, तर खरी गंमत!" मग १९८५चं मेक्सिको सिटी येतं. भूकंप साडेतीनशेएक किलोमीटरवर, पण जुन्या तळ्याच्या गाळानं हादरा कित्येक पटींनी वाढवला. "काय गाळ तो!" सर केशर आंब्याची फोड तोंडात असल्यासारखे म्हणतात, आणि लगेच ओशाळतात.

किल्लारीच्या भूकंपाचं नाव निघालं की मात्र कप खाली ठेवतात. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले. "तिथं माणसं दगडमातीच्या भिंतींनी आणि डोक्यावरच्या माळवदानं मारली," एवढंच बोलतात. त्या दिवशी पद्धतींचा विषय परत निघत नाही.

सातारा परिसरातल्या त्यांच्या प्लॉटवर अकरा वर्षं फक्त बाभूळ उगवली. घरात मात्र लॅपटॉपवर 'अंतिम', 'अंतिम २', 'खरंच अंतिम' अशा फायली. बाई म्हणतात, "अहो, भूकंप येऊन जाईल, पण भाड्याचं घर काही सुटायचं नाही."

गेल्या महिन्यात बाईंनीच मिस्त्री बोलावला. पाच फुटांवर फावडं खणकन वाजलं.

"साहेब, मुरूम लागला बघा. खाली काळा दगड."

सरांचा चेहरा उतरला. खाली दगड, त्यात शहर भूकंपाचा धोका कमी असलेल्या झोन दोनमधलं. तरी रात्री दोन्ही पद्धती चालवल्याच. दोन आलेख एकमेकांवर असे बसले, की एकच रेघ दिसावी.

सकाळी सरांचा फोन. म्हटलं, पायापूजनाचं बोलावणं असणार.

"काय रे, पैठणला गोदाकाठी प्लॉटचे काय भाव चाललेत?"