बर्फ सोडून सगळं

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत थंडी पडली हे कानांवरून ओळखायचं. कानाला मफलर, अंगात मात्र बनियनच. मे महिन्यात ४३ अंश सोसणाऱ्या माणसाला जानेवारीतल्या पहाटेचे १४ अंश म्हणजे काश्मीरच. चहाच्या गाड्यावर जो तो हात चोळत "काय गारठलंय बे" म्हणतो आणि नऊ वाजता घाम पुसत घरी जातो.

यंदा सिद्धेश्वराचा अक्षता सोहळा झाला, सातही नंदीध्वज पाहून झाले, गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे फिरू लागले आणि आमचा भाचा डेन्व्हरहून येऊन दाखल झाला. आल्याआल्या त्याने मोबाइलवर फोटो दाखवायला घेतले. गाडीच्या टपावर स्की, मागे दोन सायकली, आत दोन कुत्री, आजूबाजूला नुसता बर्फ.

"आठ दिवस असंच हिंडलो मामा. खाली कोरड्या रानात सायकल, वर डोंगरात स्की. लिफ्ट-बिफ्ट काही नाही. डोंगर आपला आपण चढायचा आणि घसरत खाली यायचं."

"एवढं शिकून शेवटी घसरायलाच लागलास होय रे?" आमच्या मातोश्रींनी विचारलं.

त्याचं म्हणणं, असा दौरा इथूनही काढता येईल. मी हिशेब मांडला. कुत्री होती, सायकली होत्या, चुलतभावाची जुनी व्हॅन मागितली तर मिळण्यासारखी होती. बर्फ तेवढा नव्हता. बर्फाऐवजी नुसता उतार चालेल, अशी सूट भाच्याने दिली. मग स्कीऐवजी काय, यावर घरातल्या सगळ्यांनी एकदम माळ्याकडे पाहिलं.

सोलापुरात कुठलाही प्रश्न शेवटी चादरीपाशी येतो. पाहुण्याला चादर, सत्काराला चादर, बदलीच्या निरोपालाही चादरच. मी रिटायर झालो तेव्हा आलेल्या ७ चादरी डांबरगोळ्यांसकट माळ्यावर आहेत. भाचा म्हणाला, "लडाखात झंस्कार नदी गोठते ना, तिलाही चादरच म्हणतात. तिच्यावरून चालायला लोक पैसे भरून जातात."

"त्यांना म्हणावं इथं या," बायको म्हणाली. "पैसे नकोत, वर एकेक घेऊन जा."

ठिकाण ठरलं नळदुर्ग. हैदराबाद रस्त्याने ४५-५० किलोमीटर. सायकली टपावर कडब्यासारख्या सुंभाने आवळल्या. एक माझी काळी, दांडीची. दुसरी शेजाऱ्यांच्या मुलाकडून आणलेली गिअरची, जिच्या टायरात ट्यूबच नव्हती. कुत्र्यांतला काळू गल्लीतला. जन्मात मधल्या मारुतीच्या पुढे गेलेला नाही. दुसरी मेहुण्याची कारवानी, म्हणजे ज्याला लोक मुधोळ हाउंड म्हणतात ती. मुधोळच्या राजेसाहेबांनी पंचम जॉर्ज बादशहाला हिच्या जातीची जोडी भेट दिली होती. हे तिला कुणीतरी सांगितलं असावं, कारण पुढची सीट तिने कुणालाच दिली नाही.

भाच्याने अमेरिकेतून कुत्र्यांची खास बिस्किटं आणली होती. काळूने एक हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतल्या कडक भाकरीवर पंजा ठेवला. बोरामणीला ती भाकरी, मागून चोरलेल्या शेंगपोळीसकट, त्याने व्हॅनमध्ये परत केली. तो भाग लिहीत नाही.

इटकळच्या अलीकडे माळ लागला, तशी भाच्याने व्हॅन थांबवली. आता सायकली. "मामा, तिचा पट्टा हँडलला बांधा. आमच्याकडे कुत्रं ओढतं, माणूस नुसता बसतो." मी बसलो. कारवानी कुत्रं भुंकून वर्दी देत नाही, हे मला तिथे कळलं. दूर कुठेतरी ससा हलला असावा. तिने मान उंच केली आणि पुढच्या क्षणी मी, माझी सायकल आणि तिचा कॅरिअर रस्ता सोडून माळावर होतो. दगड, ढेकळं, बांध, एक ओढा (कोरडा होता, सिद्धेश्वराची कृपा). मागून भाचा ओरडत होता, "परफेक्ट, मामा! हेच माउंटन बायकिंग!" ससा मिळाला नाही. कॅरिअरही मिळाला नाही.

माझा आदर्श पुढे ठेवून भाच्याने गिअरची सायकल माळात घातली आणि वेड्या बाभळीने तिचं स्वागत केलं. हायवेवरच्या पंक्चरवाल्याने चाक उघडलं, आत बोटं फिरवली आणि गंभीर होऊन विचारलं, "ट्यूब कुठं पाडली?" पाडली नाही, नसतेच, हे पटवण्यात पाव तास गेला. शेवटी त्याने स्वतःची एक जुनी ट्यूब आत घालून हवा भरली. सायकल उत्तम चालली. "अशी कशी पाठवतात मोकळी?" म्हणून तो बराच वेळ हळहळत होता.

किल्ल्यावर कुत्र्यांना प्रवेश नव्हता, म्हणून मी दाराशी दोन पट्टे धरून बसलो आणि भाच्याने पाणीमहाल पाहिला. मी तो लहानपणापासून पाहतोय. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास बोरी नदीवर बंधारा घातला आणि त्या भिंतीच्या पोटातच महाल काढला. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे खिडकीपुढून कोसळतात आणि आतला माणूस कोरडा राहतो. जानेवारीत पाणी नव्हतं. "बर्फ नाही, धबधबाही नाही," भाचा म्हणाला. आमच्याकडे सगळ्या गोष्टी हंगामात असतात, आणि तू हंगामात येत नाहीस, हे मी मनातच ठेवलं.

राहिलं घसरणं. परतीच्या वाटेवर गुडघाभर वाळक्या गवताची एक टेकडी सापडली. चादर अंथरली. पुढे भाचा, मध्ये काळू (जबरदस्तीने), मागे मी. मला वाटलं होतं, भौगोलिक मानांकन मिळवलेली जाड चादर जागची हलणार नाही. पण वाळकं गवत तेलासारखं असतं. पहिले वीस हात फारच सुंदर गेले. कानात वारा भरला, आणि खोटं कशाला बोलू, मी ओरडलोसुद्धा. मग काळूने मध्येच उतरायचं ठरवलं आणि आम्ही तिघे तीन दिशांनी खाली पोचलो.

ते गवत कुसळी होतं. चादरीत कुसळं, पँटमध्ये कुसळं, काळूच्या कानामागे, भाच्याच्या महागड्या जाकिटात, माझ्या मफलरमध्ये कुसळं. शुक्रवार पेठेत येईपर्यंत व्हॅनमध्ये टेकून कुणीच बसलं नाही. कारवानी तेवढी पुढच्या सीटवर ऐटीत होती. ती घसरलीच नव्हती.

चादर सध्या गच्चीवर आहे. मातोश्री रोज दुपारी चष्मा लावून चिमट्याने कुसळं उपटतात. बुधवारपर्यंत मोजून २१४ निघाली. भाचा शनिवारी जातोय. माळ्यावर कोऱ्या सहा असताना त्याला तीच न्यायची आहे.