गाठीवाले काका

धारकडच्या मराठी घरांत नवा माणूस आला की पाण्याचा पेला हातात पडायच्या आत विचारणा होते, "मूळचे कुठले?" पवारांबरोबर माळव्यात येऊन इतक्या पिढ्या गेल्या, तरी मूळ गाव सुटत नाही. सरदारपूरचे गाठीवाले काका हाच प्रश्न शेंगवाल्या झाडांच्या मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्या जंतूंना विचारतात.

नोकरी संपली की माणसं देवाधर्माला लागतात. काका रानटी झाडांच्या मुळावर उठले. पाऊस लागून महिना झाला की खुरपं घेऊन बांधावर हजर. उन्हाळी, खुळखुळा, रानमूग, जे शेंगेचं दिसेल त्यापुढे बसकण. झाड उपटायचं नाही. वीतभर लांबून माती सैल करायची, कारण ओढलं की गाठी जमिनीतच राहतात. माळव्याची काळी चिकण माती, त्यामुळे काका घरी येतात तेव्हा मूळ कुठलं आणि काका कुठले ते धुतल्यावरच कळतं.

मग ब्लेडने गाठ कापायची. आत गुलाबी निघाली की हवेतल्या नायट्रोजनचं झाडासाठी खत करणारा "कारखाना चालू!" हिरवट निघाली की "बंद." तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊ, हे ऐकल्याशिवाय वाटेवरची शेळीही सुटत नाही. एकाने कौतुकाने टाकळा आणून दिला. "काकाजी, ह्यालाही शेंगा आहेत." काकांनी मूळ दाखवलं: साफ कोरं. "खानदान मोठं, कमाई शून्य!"

खरा त्रास जंतूंच्या वंशावळीचा. 1888 साली शास्त्रज्ञ बायरिंकने हे जंतू वेगळे काढले, पुढच्या वर्षी फ्रांकने रायझोबियम नाव ठेवलं आणि सगळे एका घरात नांदू लागले. 1982 साली सावकाश वाढणारे वेगळे निघाले, ते ब्रॅडीरायझोबियम. आपल्या सोयाबीनचे बरेचसे त्यातलेच. लाजाळूच्या गाठीत 2001 साली भलत्याच कुळातला जंतू मिळाला. त्याचं नाव आधी राल्स्टोनिया, मग वॉटर्सिया, मग कुप्रियाविडस. "रेशनकार्डावर असं केलं असतं तर आत टाकलं असतं," काका म्हणतात. त्यात गाठ बांधायची जनुकं हे जंतू एकमेकांना देतात, म्हणजे कूळ एकाचं नि धंदा दुसऱ्याचा. या मुद्द्यावर काकांचा चहा हमखास गार होतो.

सरदारपूरची खरी ख्याती खरमोर पक्ष्याची. 1983 पासून त्याचं अभयारण्य आहे आणि पक्षी पावसाळ्यात, म्हणजे नेमका काकांच्या हंगामात येतो. गावकरी म्हणतात, खरमोराची खबर दिली तर वन खात्याचं बक्षीस, गाठीची दिली तर काकांचं भाषण. अभयारण्यात खुरपं चालत नाही. काका हद्दीबाहेर बसून आतल्या गवताकडे आशाळभूतपणे बघतात.

घरी गाठी वाळवून बाटल्यांत जातात: तळाला सिलिका जेल, वर कापूस, त्यावर गाठी, बाहेर तारीख, गाव नि झाडाचं नाव. "अहो, हिंगाची बाटली?" काकू विचारतात. "उन्हाळी, अमझेरा रस्ता," उत्तर येतं. काकूंनी त्या दिवसापासून हिंग कुलपात ठेवलं.

हसा, पण भर उन्हात, कोरड्या बांधावर, खताच्या चिमटीशिवाय उभ्या राहणाऱ्या झाडाचा सोबती कोण, हे विचारणारा हा गावातला एकटाच माणूस आहे. तेव्हा नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिकाची पुडी फेकू नका. कुणी सरदारपूरकडे निघालं असेल तर त्याच्याबरोबर धाडा.