पाच वर्षांनी कुठे असाल?

छत्रपती संभाजीनगरात सध्या एकाही पदवीधराकडे धड दुर्गुण उरलेला नाही. कोणालाही विचारा, ‘तुमचा वीकनेस काय?’ उत्तर ठरलेलं : ‘सर, मी परफेक्शनिस्ट आहे. काम मनासारखं झाल्याशिवाय झोप लागत नाही.’ दुसरं उत्तर, ‘मी लोकांवर फार पटकन विश्वास ठेवतो.’ तिसरं अजून इंटरव्ह्यूच्या क्लासच्या नोट्समध्ये आलेलं नाही. कॅम्पसच्या मोसमात एकाच खोलीतून दिवसभरात रांगेने परफेक्शनिस्ट बाहेर पडतात आणि रूमवर परवाची भांडी तशीच पडलेली असतात.

संध्याकाळी सिडकोत कॅनॉट प्लेसला चक्कर मारा. चहाच्या टपरीशेजारी दोघं उभे असतात. एक एचआर झालेला, दुसरा उमेदवार.

‘टेल मी अबाउट युवरसेल्फ.’

‘गुड मॉर्निंग सर. मायसेल्फ फ्रॉम पैठण...’

‘अबे, संध्याकाळ झालीय.’

‘इंटरव्ह्यू सकाळचाच राहतो ना. माय हॉबीज आर रीडिंग अँड लिसनिंग टू म्युझिक.’

‘रीडिंग? शेवटचं काय वाचलं?’

‘ते विचारत नसतात.’

खरंच विचारत नसतात. विचारणाऱ्याची वहीही उमेदवाराच्याच झेरॉक्सच्या दुकानातली.

आता हा पैठणचा गडी काय काय गाळतो ते बघा. दिवाळीच्या सुट्टीत तो वडिलांबरोबर कापसाची गाडी जिनिंगला नेतो, वजनकाट्यावर नजर ठेवतो आणि घट किती कापायची यावर व्यापाऱ्याशी भांडतो. इथे रूमवर चार पोरांचा हिशेब त्याच्याकडे. नळाला पाणी पाच-सात दिवसांनी, तेही आलं तर रात्री दोनला. कोण उठणार, कोणता ड्रम आधी भरायचा, कोणाची परीक्षा आहे म्हणून कोणाला सूट, हे सगळं हाच ठरवतो. एमबीएच्या पुस्तकात याला रिसोर्स प्लॅनिंग म्हणतात आणि त्यावर आख्खा धडा असतो. पण क्लासच्या सरांनी बजावलेलं असतं, ‘गावाकडचं काही काढू नका, इम्प्रेशन जातं.’ म्हणून टीमवर्कचं उदाहरण द्यायची वेळ आली की तो कॉलेजच्या गॅदरिंगची डेकोरेशन कमिटी काढतो. त्या कमिटीत तो नव्हताच.

पाठ करणाऱ्या पोरांना हसायला काही लागत नाही. ज्योतीनगरासारख्या सुखवस्तू वस्तीतल्या मुलाला हे सगळं जेवणाच्या टेबलावर फुकट मिळालेलं असतं. बाबांचे मित्र घरी येतात, त्यांच्याशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची सवय लहानपणापासून. कन्नड तालुक्यातल्या मुलीला तीच दोन वाक्यं पैसे भरून घ्यावी लागतात. तिने आरशासमोर उभं राहून घोकलं तर बिघडलं काय? माझं भांडण टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांशी आहे.

त्यांचा लाडका प्रश्न : ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?’

विचारणाऱ्याच्या हातात काय असतं ते आधी बघू. 2024 मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला महिना 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. मुदत सहा महिने, पुढे ओढून अकरा. सैन्यात जायचं म्हटलं तर अग्निवीर, चार वर्षं, आणि त्यानंतर पंचवीस टक्क्यांनाच पुढे ठेवणार. वाळूजच्या एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर कंपनी भेटतच नाही, ठेकेदार भेटतो आणि तो पुढच्या महिन्याचंही बोलत नाही. देणाऱ्याकडे अकरा महिने आणि मागणी पाच वर्षांच्या स्वप्नांची! त्यावर पोरगं गंभीर चेहऱ्याने सांगतं, ‘आय सी मायसेल्फ ॲट अ रिस्पॉन्सिबल पोझिशन इन युवर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन.’ दोघंही मान डोलावतात. दोघांनाही माहीत असतं.

खरं तर या प्रश्नाला आता एक प्रामाणिक उत्तर देता येईल. 31 जुलै 2024 ला टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी करार केला. बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक नगरीत सुमारे 20,000 कोटींचा प्रकल्प यायचाय. ‘पाच वर्षांनी? बिडकीनला, सर. तुमच्याकडे अनुभव घेऊन.’ एवढं स्पष्ट बोलणाऱ्याला मी तर लगेच घेईन. पण मला कोणी एचआर करत नाही.

दुसरा लाडका प्रश्न गॅपचा. ‘2022 ते 23 मध्ये गॅप कशाचा?’ आई आजारी होती, फी जमली नाही, एमपीएससीचा एक अटेम्प्ट दिला. काहीही सांगा, समोरचा भुवया उंचावतोच. याच शहरात 1,680 कोटींच्या पाणी योजनेचं भूमिपूजन 2020 च्या डिसेंबरात झालं. खर्च 2,700 कोटींच्या वर गेला. त्या योजनेला कोणी पॅनेलपुढे बसवून गॅप विचारला नाही. पोराने मात्र एका वर्षाचा हिशेब तारीखवार द्यायचा, वर ‘हाउ डू यू हँडल डेडलाइन्स?’ हेही सांगायचं.

हा खेळ जुनाच. थॉमस एडिसनने 1921 च्या सुमारास नोकरीला येणाऱ्यांसाठी दीडशेच्या आसपास प्रश्नांची जंत्री केली होती. ती फुटली आणि वर्तमानपत्रांत छापून आली, उत्तरांसकट. म्हणजे पेपरफुटी हा आपलाच शोध आहे असा अभिमान बाळगायचं कारण नाही. त्यातला आवाजाच्या वेगाचा प्रश्न बोस्टनमध्ये आइनस्टाइनलाही विचारला. तो म्हणाला, पुस्तकात मिळतं ते मी डोक्यात ठेवत नाही. आपल्याकडे ‘कँडिडेट इज नॉट प्रिपेअर्ड’ असा शेरा मारून गृहस्थाला घरी पाठवला असता.

सरकारलाही मुलाखतींच्या या कारभाराची शंका आली होती. 15 ऑगस्ट 2015 ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी खालच्या पदांना मुलाखती हव्यात कशाला, असं विचारलं आणि 1 जानेवारी 2016 पासून केंद्राने गट क आणि अराजपत्रित गट ब च्या मुलाखती बंद केल्या. वशिल्याची खिडकी तेवढी बुजली. खासगीत मात्र खिडकीही शाबूत आणि प्रश्नही.

उपाय काही अवघड नाही. काही जुन्या वर्कशॉपवाल्यांना तो माहीत आहे. पोरगं आलं की हातात व्हर्निअर आणि मशीनवरचा एक जॉब द्यायचा. ‘माप.’ पॉइंट झिरो टू लीस्ट काउंटचं व्हर्निअर ज्याला धरता येतं त्याचा अंगठा आपोआप नीट बसतो. ज्याला येत नाही तो आधी डिस्प्ले शोधतो. दोन मिनिटांत निकाल. हॉबीज विचाराव्या लागत नाहीत. पण एवढ्यासाठी विचारणाऱ्यालाही मापता यायला हवं, आणि गाडं तिथेच अडतं.

राहिला पगार. त्याचं उत्तर ‘ॲज पर कंपनी नॉर्म्स.’ पुढे बोलणं नाही.

शेवटी साहेब खुर्चीत मागे रेलून उदारपणे विचारतात, ‘एनी क्वेश्चन्स फॉर अस?’ यालाही क्लासमध्ये तयार प्रश्न मिळतात : कंपनीचं व्हिजन काय, ग्रोथ अपॉर्च्युनिटी काय. समजा एखाद्या गंगापूरच्या मुलीने वही मिटली आणि विचारलं, ‘सर, दुसरी पाळी रात्री सुटल्यावर कंपनीची बस गंगापूरपर्यंत येते का? आणि सहा महिने झाल्यावर पुढचं कोण सांगतं, तुम्ही का ठेकेदार?’

साहेबांकडेही पाठ केलेलं उत्तर असतंच : ‘वुई विल गेट बॅक टू यू.’