प्रेमाने उच्चारलेला शब्द

मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीच्या इतिवृत्तात ठराव क्रमांक 9 असा आहे : ‘बाल्कनीत ओले कपडे लोंबवण्याच्या विषयावर बोलताना खजिनदारसाहेबांनी उच्चारलेला “घाटी” हा शब्द त्यांनी प्रेमाने उच्चारला होता, हे सभेने एकमताने मान्य केले.’

एकमतानं! म्हणजे ज्यांचे कपडे, त्यांनीही हात वर केला. बरोबरच आहे. ठराव क्रमांक 10 पुनर्विकासाचा होता. बिल्डर किती चौरस फूट जादा देणार हे ठरायचं असताना मानअपमान काय घेऊन बसायचं?

मी मात्र त्या ‘प्रेमाने’पाशी अडकून पडलोय. चुकून, सवयीनं, रागाच्या भरात, असं काहीही लिहिता आलं असतं. पण उपनगरांत माणसं प्रेमाशिवाय बोलतच नाहीत. अंधेरीला मेट्रोतून उतरलं की रिक्षावाल्याला प्रेमानं ‘ए भय्या’. पार्लरमधली मुलगी मणिपूरची असो की मिझोरामची, प्रेमानं ‘चिंकी’. सोलापूरच्या खाली जन्मलेला प्रत्येक जण प्रेमानं ‘मद्रासी’. वॉचमन ओडिशाचा असला तरी प्रेमानं ‘बहादूर’. एवढं प्रेम, आणि नाव एकाचंही माहीत नाही! शिवाय हे प्रेम गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यासारखं वरून खालीच येतं. वॉचमननं एकदा खजिनदारांना त्यांच्या जातीवरून, प्रांतावरून, निदान पोटावरून तरी प्रेमानं हाक मारून बघावी. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर नवा बहादूर.

कपडेवाले काका सभेनंतर चार दिवस धुमसत होते. ज्या घाटावरच्या माणसांनी या शहराच्या गिरण्या चालवल्या त्यांना घाटी म्हणता, अं? शंभर टक्के खरं. हे ते लिफ्टमध्ये ऐकवत होते, तेवढ्यात पार्सलवाला पोरगा आत शिरला. ‘तुम्हा भय्या लोकांना जिना दिसत नाही का रे?’ पोरगा जळगावचा निघाला. काकांनी लगेच खुलासा केला की आपण प्रेमानं म्हणालो. काकूही प्रेमळच. त्या मालवणच्या. सून साताऱ्याची. लग्नात आलेल्या पाहुण्यांशी त्यांनी तिची ओळख करून दिली ती ‘आमची घाटीण’ अशी. सगळे हसले. सूनही हसली. नव्या घरात दुसरं काय करणार?

‘हलकं घ्या हो’ हे वाक्य ज्यानं काढलं त्याला मला एकदा भेटायचंय. कारण इथपर्यंत मीही हसतोय. पुढे हसू येत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जातीच्या नावानं सर्वांदेखत हिणवणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. हा ‘सर्वांदेखत’ आमच्या सुशिक्षित मंडळींना तोंडपाठ आहे. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना बोललं तर ते कलम लागत नाही, म्हणून ते चार भिंतींच्या आत बोलतात. जेवणाच्या टेबलावर. पसारा कसा पडलाय, आवाज कसा चढलाय, रंगसंगती कशी भडक आहे, या प्रत्येक गोष्टीसाठी एकेक जात ठरलेली. पोळी वाढता वाढता. शेजारी आठवीतलं पोरगं बसलेलं असतं, त्याचं मराठी तेवढ्यापुरतं चांगलं होतं. हेच पोरगं इंजिनिअरिंगला गेल्यावर वर्गमित्राला पहिल्याच दिवशी विचारतं, ‘तुझी रँक किती?’ किती निरागस प्रश्न! आकडा कळला की ‘कोट्यातला’ हा शिक्का चार वर्षांसाठी बसला; मग त्यानं विद्यापीठात पहिला नंबर काढला तरी ‘कोट्यातला असून हुशार’. आणि त्या मुलानं कधी तोंड उघडलंच, तर तोच गुन्हेगार : याला विनोदबुद्धी नाही, हा कॉलेजात जात आणतो. अरे, जात जेवणाच्या टेबलावरून आली, डब्यात भरून आली! 2020 च्या डिसेंबरात राज्यातल्या वस्त्यांची जातीवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरलं. चांगलंच झालं. फक्त पत्ता सांगताना आमचे लोक अजून म्हणतात, ‘समतानगर हो, म्हणजे पूर्वीचा...’ आणि आवाज खाली नेऊन जुनं नाव सांगतात. टपाल चुकायला नको ना.

शब्दांनी काय बिघडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी घाटकोपरच्या कुठल्याही ब्रोकरसमोर अर्धा तास बसावं. सभेत, लग्नात, ग्रुपवर फुकट उधळलेला सगळा माल तिथं जमा होतो. कुर्ला म्हटलं, मालवणी म्हटलं, की ‘मिनी पाकिस्तान’ म्हणून टाळी देणारे घरमालक त्याचे कायमचे गिऱ्हाईक. ब्रोकर स्वतः मात्र सभ्य माणूस. एक वावगा शब्द त्याच्या तोंडून निघणार नाही. तो फक्त आडनाव विचारतो. मग डबा काय असतो, हे विचारतो. मग मालकाला फोन लावून, ‘हो... नाही... तसलेच’ एवढंच बोलतो आणि फोन खाली ठेवून दिलगिरीनं सांगतो, ‘सॉरी, मालकांना फॅमिली हवीय.’ समोरचा माणूस बायको, दोन मुलं आणि आई यांना घेऊन आलेला असतो.