गिअरबॉक्सवरची अढळ श्रद्धा

इंजिनाची काळजी कोणीही घेतो. दहा हजार किलोमीटर झाले की तेल बदललं, फिल्टर टाकला, पुढची तारीख स्टिकरवर लिहून घेतली, झालं. हा नुसता व्यवहार. माणसाची निष्ठा पाहायची असेल तर गिअरबॉक्सकडे पाहावं. त्यातही तेल असतं, साधारण दोन लिटर, आणि तेही बदलायचं असतं. पण गाडी दीड लाख किलोमीटर पळाली तरी मालक त्या तेलाबद्दल चकार शब्द काढत नाही. ते कुठून भरतात, कुठून काढतात, त्याला ठाऊक नसतं. बहुतेक गाड्यांत ते तपासायला डिपस्टिकही नसते. जे कधी पाहिलं नाही त्यावर वर्षानुवर्षं इतका गाढ भरवसा ठेवणाऱ्या माणसाचा आपल्याकडे कधी साधा सत्कारही झालेला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ऑटोमॅटिक गाड्या आल्या आणि या श्रद्धेला शास्त्राधार मिळाला. कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत ऑटोमॅटिकचं तेल ‘लाइफटाइम’ असल्याचं म्हटलेलं असतं. जर्मनीची झेडएफ कंपनी नामांकित गाड्यांसाठी असे गिअरबॉक्स स्वतः बनवते. ती मात्र 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला म्हणून सांगते. आता बनवणाऱ्याचं ऐकायचं की गाडी विकणाऱ्याचं? शहाणा माणूस विकणाऱ्याचं ऐकतो, त्यात खर्च नाही. शिवाय विकणाऱ्याचं वचन खोटं ठरूच शकत नाही. तेल गिअरबॉक्सच्या आयुष्यभर पुरेल असं तो म्हणाला होता. तेलातला दम संपतो, त्याच्या मागोमाग गिअरबॉक्सही आटोपतो. आयुष्यभर पुरलं की नाही?

तेल बदलणारेही काही असतात, आणि त्यांच्यातल्या उदार मंडळींना विसरून चालणार नाही. पुस्तिकेत जीएल-4 लिहिलेलं असतं, हे जीएल-5 आणतात. चारापेक्षा पाच मोठे, किंमतही थोडी जास्त, गाडीसाठी हात आखडता कशाला घ्यायचा? मोठ्या दाबाखाली दात झिजू नयेत म्हणून जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त घातलेली असतात. सिंक्रोच्या रिंगा पितळेच्या असल्या तर जुन्या पद्धतीची ही रसायनं त्या पितळेलाच खातात. कॅडिलॅकने 1928 मध्ये सिंक्रोमेश आणला, तेव्हापासून डबल क्लच न मारता गुपचूप गिअर पडू लागला. दुसरा गिअर टाकताना ‘कर्रर्र’ ऐकू आलं, की समजावं, आपण जुन्या काळातल्या ड्रायव्हरांशी नातं जोडलं.

पण खरं वैभव आहे ते डाव्या पायात. शुक्रवारी संध्याकाळी बोरघाटात गाड्या तुंबल्या आहेत, रस्ता चढाचा आहे, पुढची गाडी हातभर सरकते आणि थांबते. अशा वेळी हँडब्रेक ओढणारा माणूस अरसिक. रसिक माणूस क्लच अर्ध्यावर धरतो, ॲक्सिलरेटर किंचित दाबतो आणि गाडी चढावर अधांतरी झुलवत ठेवतो. खाली फ्लायव्हील फिरत असतं, क्लच प्लेट त्याला धड चिकटलेली नसते की धड सुटलेली नसते, दोघांमध्ये नुसतं घर्षण चाललेलं असतं. मग तो वास येतो. जळका, उग्र, नाकात बसणारा. मागे बसलेल्या मावशी म्हणतात, ‘‘काहीतरी जळतंय रे.’’ यावर सगळ्या पिढ्यांनी दिलेलं उत्तर एकच आहे: ‘‘पुढच्या ट्रकचा वास आहे.’’ आणि खिडक्या वर जातात. वास आतच राहतो.

मोकळ्या रस्त्यावरही हा पाय क्लचवर असतोच. दाबलेला नाही, नुसता टेकलेला. तेवढ्यानेही पेडलमधली मोकळी जागा संपते आणि एरवी निवांत बसणाऱ्या रिलीज बेअरिंगला विनाकारण राबावं लागतं. डावा हात गिअरच्या दांड्यावर विसावलेला असतो. त्या वजनाने आतला फोर्क फिरत्या स्लीव्हवर दाबला जातो आणि झिजत राहतो. यंत्राशी इतकी जवळीक मला तरी फार लोभस वाटते. गाडीला कळायला हवं ना, आपण आहोत म्हणून!

घाट उतरताना न्यूट्रल करणाऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांची कीर्ती त्यांच्याआधी खाली पोहोचते. त्यांना पेट्रोल वाचवायचं असतं. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधन तोडून टाकतात, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच. म्हणजे हा माणूस बचतीसाठी पदरचं पेट्रोल घालतो आणि गाडी आवरण्याचं सगळं काम एकट्या ब्रेकवर सोपवतो. त्यागाला याहून वरची पायरी नाही.

एवढी सगळी साधना फळाला आली की गाडी एक दिवस गॅरेजमध्ये जाते. इंजिन ओरडतं पण गाडी पुढे जात नाही, हे त्याचं लक्षण. मिस्त्री एक चक्कर मारून येतो आणि दोन शब्दांत निकाल देतो: ‘‘प्लेट गेली.’’ गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ॲक्सल शाफ्ट ओढून काढायचे तर आधी तेल काढावं लागतं. ड्रेन प्लग सुटतो आणि एक काळपट, पातळ धार ट्रेमध्ये पडते. प्लगच्या टोकाला लोहचुंबक असेल तर त्यावर लोखंडाच्या किसाचा करडा लगदा जमलेला असतो, बोटाने पुसला तर रेघ उठते. तेलात पितळेची चमचम तरंगत असते, उन्हात धरली तर डोळ्यांत भरते. इतक्या वर्षांचे दातांचे, रिंगांचे, फोर्कचे कण कुठेही वाया न जाता तिथे सांभाळून ठेवलेले असतात. क्लच प्लेट रिव्हेटांपर्यंत घासलेली असते, फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडलेले असतात. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट घालायचं ठरतं, मालक खळखळ न करता हो म्हणतो. एवढा मोठा खर्च इतक्या शांतपणे मान्य करणारा माणूस मी दुसऱ्या कुठल्या दुकानात पाहिलेला नाही.

मग मिस्त्री विचारतो, ‘‘साहेब, गिअर ऑइल नवीन टाकू ना?’’

मालक ट्रेमध्ये वाकून पाहतो. ‘‘कंपनीचं ओरिजिनल आहे ते,’’ तो म्हणतो. ‘‘गाळून परत भर.’’