वारजे ते शिवाजीनगर, व्हाया वॉरंटी

सायकलवाल्याने लडाखला जावं असा संकेत आहे. खारदुंग ला चढायची, वरच्या पाटीपाशी हात फैलावून फोटो काढायचा आणि घरी येऊन लेख लिहायचा. माझी धाव वारज्यापासून शिवाजीनगरपर्यंत. कर्वेनगर, कर्वे पुतळा, नळ स्टॉप, डेक्कन, जंगली महाराज रस्ता, की आलं ऑफिस. दहा-एक किलोमीटरच्या या मार्गावर अजून कुणी प्रवासवर्णन लिहिलेलं नाही. ऑक्सिजन मात्र इथेही विरळ होतो, सिग्नलला टेम्पोच्या मागे उभं राहिलं की.

नळ स्टॉपला हल्ली रस्त्याचे तीन मजले आहेत. खाली आपण, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. माझी सायकल तळमजल्यावर मोडली. मोडली म्हणजे दोन तुकडे झाले असं नाही. गतिरोधक आला की सीट मागे कलायचं आणि मला मेट्रोच्या पुलाची खालची बाजू दिसायची. त्याआधी बरेच दिवस पायडल मारताना कुठूनतरी 'टक्' असा आवाज येत होता. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या मामांनी त्यावर चेनला तेल, पायडलला ग्रीस आणि मला धीर दिला होता. आता उतरून पाहिलं, तर सीटखालची उभी नळी आडव्या नळीला मिळते तिथे वेल्डिंगलगत केसाएवढी रेघ होती. बोटाने पुसली, गेली नाही.

साडूभाऊंना फोन केला. ते सीओईपीचे मेटलर्जीवाले. मोडलेल्या वस्तूविषयी त्यांना जेवढा जिव्हाळा आहे तेवढा धड वस्तूविषयी नाही. ते स्कूटरवर आले, फूटपाथवर उकिडवे बसले आणि खिशातून भिंग काढलं. भिंग घेऊन फिरणारा माणूस आपल्या नात्यात आहे हे मला तेव्हा कळलं.

"पोलादाचं कसं असतं," ते म्हणाले, "एका मर्यादेखालचा ताण ते लाखो वेळा सोसतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही. बारीकसा धक्कासुद्धा त्याच्या खात्यावर जमा होतो. हा तडा काही आज पडलेला नाही राव. तुमचा सगळा कर्वे रस्ता यात नोंदवलेला आहे."

मागे उभ्या असलेल्या दोन माणसांनी माना डोलावल्या. महापालिकेच्या कारभारावर एवढं शास्त्रीय भाष्य त्यांनी ऐकलेलं नसावं.

मामांचं म्हणणं सोपं होतं. "वेल्डिंग मारून देतो साहेब, पोरं खेळतील त्याच्यावर." साडूभाऊ ताडकन उठले. हा ६०६१ जातीचा मिश्रधातू, त्याला भट्टीत तापवून ताकद आणलेली असते, पुन्हा जाळ लावला की तेवढा भाग मऊ पडतो, आणि शिवाय वॉरंटी जाते. मामांनी पहिली तीन कारणं ऐकून घेतली. चौथं ऐकल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला. "वॉरंटी आहे होय? मग त्यांच्याच गळ्यात घाला."

पुढचं चाक काढून सायकल रिक्षात घातली. रिक्षाच्या उरलेल्या भागात मी बसलो. रिक्षावाल्याने आरशातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "दमली का?"

वॉरंटी आयुष्यभराची होती. फक्त पहिल्या मालकाच्या, हे बारीक अक्षरात. बायकोने चष्मा लावून अटी वाचल्या आणि म्हणाली, "अहो, म्हणजे तुमच्यामागे मोडली तर नाही मिळायची." अपघात, कसरती, भाड्याने देणं, सीटची दांडी खुणेपेक्षा वर काढणं, यांतलं काहीही केलेलं चालणार नव्हतं. बिल हवंच होतं. बिल मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं, पण ते छापलेलं होतं त्या गुळगुळीत थर्मल कागदावर. कागद शाबूत होता, अक्षरं उडाली होती. वरच्या कोपऱ्यात पुसटसं 'धन्यवाद' तेवढं उरलं होतं. दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये नक्कल सापडली म्हणून बरं.

मग फोटो. पूर्ण सायकल चेनच्या बाजूने, तडा जवळून, आणि फ्रेमचा नंबर. हा नंबर पायडलच्या मधल्या नळीच्या पोटाखाली कोरलेला असतो. म्हणजे सायकल उलटी करा आणि अनेक पावसाळ्यांचा चिखल खरवडा. अर्जात शेवटचा रकाना होता: चालकाचं वजन, सामानासह. दुकानातला पोरगा पेन धरून थांबला. मी एक आकडा सांगितला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तडा पाहिला, आणि सज्जनपणे लिहून घेतला.

कंपनीने दावा मंजूर केला, हे मोठ्या मनाने सांगायला हवं. फक्त ते मॉडेल बंद झालं होतं. त्याऐवजी मिळणारी फ्रेम साडेसत्तावीस इंची चाकांची, माझी चाकं सव्वीसची. ब्रेक बसत नव्हते, मागचा ॲक्सल बसत नव्हता. जुन्या सायकलचा नव्या फ्रेमला चालणारा भाग म्हणजे घंटी. तेव्हा फ्रेमची किंमत वळती करून घेऊन त्याच दुकानातून अख्खी नवीन सायकल घ्यावी, असं ठरलं, आणि माझा खरा प्रवास सुरू झाला.

"काका, यूज काय आहे तुमचा?" पोरग्याने विचारलं.

"ऑफिसला जाणं."

"नाही, म्हणजे ट्रेल, टूरिंग की फिटनेस?"

ऑफिस या गटात बसेना. दुकानातली प्रत्येक सायकल डोंगरावर, शर्यतीला किंवा निदान कन्याकुमारीला निघालेली. मडगार्ड कुणालाच नाही. स्टँड नाही, कॅरियर नाही, चेनकव्हर तर पोरग्याला चित्रातच माहीत. पावसाळ्यात मागचं चाक पाठीवर कंबरेपासून कॉलरपर्यंत चिखलाचा पट्टा ओढतं. लडाखमध्ये तो शोभत असेल. आमच्याकडे साडेदहाची मीटिंग असते.

आधी त्याने मला चाकांचे आकार समजावले. २९ इंची म्हणजे ७००-सी, म्हणजेच युरोपातलं २८ इंची. तिन्हींची रिम एकच, ६२२ मिलिमीटर. पण आपल्या काळ्या सायकलचं २८ इंची म्हणजे ६३५. आणि जुन्या स्पोर्ट्स सायकलींचं २७ इंची ६३०, म्हणजे २९पेक्षा मोठं. मी हे पुन्हा एकदा विचारून घेतलं. सत्तावीस एकोणतीसपेक्षा मोठे. माझं गणित शाळेत असतानाच सायकलच्या धंद्यात उपयोगी पडलं असतं.

ट्रायलला निघताना त्याने माझं ड्रायव्हिंग लायसन्स ठेवून घेतलं. देशात जे वाहन चालवायला लायसन्स लागत नाही, ते चालवण्यासाठी. पहिली घेतली डोंगरी. टायर जाड, गिअर एकवीस, पुढच्या चिमट्यात स्प्रिंगा. टिळक रस्त्याने निघालो, तर प्रत्येक पायडलला पुढचा भाग लवायचा. अलका टॉकीजपर्यंत मी अनोळखी पुणेकरांना इतके नमस्कार घातले की एका आजोबांनी थांबून विचारलं, "कुणाचा तू?" शर्यतीची सायकल घेऊन गेलो ती बोटभर रुंदीच्या टायरवर. त्या आसनात फक्त रस्ता दिसतो, आणि पावसाळी गटाराच्या जाळीच्या फटी नेमक्या त्या टायरच्या मापाच्या असतात. तिच्याविषयी एवढं पुरे.

घडीची सायकल साडूभाऊंनीच कुणाकडून तरी मागून आणली. पुणे मेट्रोत सायकल नेता येते, ही सोय मार्च २०२२ पासूनची. त्यांची योजना अशी, की येताना डेक्कनहून वनाजपर्यंत मेट्रो आणि पुढे वारज्यापर्यंत घडी उलगडून पायडल. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात बीएसए कंपनीने विमानातून उड्या मारणाऱ्या सैनिकांसाठी केलेली घडीची सायकल तिथे आहे, असं साडूभाऊ सांगत होते. त्या सैनिकांना नुसती उडी मारायची होती, आम्हाला डेक्कन स्टेशनच्या सुरक्षा तपासणीतून जायचं होतं.

घडी घातलेली सायकल उचलली की तिचं पायडल नडगीला लागतं. खाली ठेवली की ती अर्धी उलगडते. तपासणीवरच्या बाईंनी विचारलं, "याच्यात काय आहे?" साडूभाऊ म्हणाले, "हीच आहे." लिफ्टमध्ये एक आजी होत्या. त्यांनी त्या जुडीकडे आणि मग माझ्या गुडघ्यांकडे पाहत हळू आवाजात विचारलं, "व्हीलचेअर का हो?" मी सायकल असल्याचं सांगितलं. "केवढ्याला पडली?" साडूभाऊंनी आकडा सांगितला. आजी वर पोचेपर्यंत गप्प होत्या. दार उघडल्यावर म्हणाल्या, "एवढ्यात जुनी स्कूटर आली असती, आणि ती उचलावी लागली नसती."

डब्यात चेनचं ग्रीस माझ्या पँटला लागलं, साडूभाऊंच्या शर्टाला लागलं, आणि लांब बसलेल्या एका तरुणाच्या पांढऱ्या बुटाला कसं लागलं ते मेटलर्जीलाही सांगता येणार नाही. वनाजपासून पुढे वीस इंची चाकांनी प्रत्येक खड्डा तपशीलवार वाचून दाखवला.

मामा एवढे दिवस शांत होते. एका रविवारी त्यांनी मला नाना पेठेत नेलं आणि एका काळ्या सायकलसमोर उभं केलं. दोन्ही मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर, कॅरियर, दोन पायांचा स्टँड, कुलूप, घंटी. जे जे दुकानात 'एक्स्ट्रा' होतं ते सगळं अंगावर घेऊनच ती जन्मली होती. फ्रेम पोलादाची, त्यामुळे साडूभाऊही खूश. मामांनी ॲटलासची आठवण काढली. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता. मामा म्हणाले, "दिवस साजरा करायला लागले की समजायचं."

पण वजन वीस किलोच्या वर, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टविना. शिवाय दांड्यांचे ब्रेक. स्टीलची रिम भिजली की ते ब्रेक लागत नाहीत, फक्त विनंती करतात. मामांनी तेही मान्य केलं. "पावसात चपलेने थांबवायची," ते म्हणाले. आणि दुकान वेगळं असल्याने वॉरंटीचे पैसे तिथे चालणार नव्हतेच.

विचार करत जंगली महाराज रस्त्याने येत होतो. हा रस्ता १९७० च्या दशकात रेकॉन्डो नावाच्या कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर केला आणि हमी संपल्यावरही तो कित्येक वर्षं बिनखड्ड्यांचा राहिला. पुण्यात वॉरंटीविषयी सांगावी अशी गोष्ट ही एकच, आणि असं काम पुन्हा कुणाला का दिलं नाही, हे प्रत्येक पुणेकराला आतल्या गोटातून माहीत असतं. त्या गुळगुळीत डांबरावर माझ्या लक्षात आलं, की सायकलचे गिअर आणि स्प्रिंगा विचारत बसण्यात अर्थ नाही. विचारायचं एकच: मडगार्ड आणि कॅरियर बसवायला फ्रेमला भोकं आहेत का?

दुसऱ्या खेपेला पोरग्याला तेच विचारलं. त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. तो एकेका सायकलपुढे ओणवा होऊन बघत गेला. डोंगरीला नाही, शर्यतीला नाही. शेवटी कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यांमागे, मागच्या सालातली एक हायब्रिड निघाली. रंग पोपटी, म्हणून पडून राहिलेली. चिमटा साधा, बिनस्प्रिंगांचा. ब्रेक रिमला धरणारे, म्हणजे मामांच्या हातातले. टायर अडतीस मिलिमीटरचे. आणि ॲक्सलपाशी भोकं, दोन्ही बाजूंना, आटे पाडलेली.

"काका, हा कलर कोणी घेत नाही," पोरग्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

"पीएमपीवाल्याला लांबून दिसेल," साडूभाऊ म्हणाले.

वॉरंटीत आलेल्या या सायकलीला मडगार्ड, कॅरियर, स्टँड आणि कुलूप स्वखर्चाने घातलं. घंटी जुनीच. बिलाची झेरॉक्स दुकानाच्या दारातच काढली. तुम्हीही काढा, थर्मल कागदावर विसंबू नका. आता जुन्या सायकलची दोन्ही चाकं आमच्या बाल्कनीत उभी आहेत. सव्वीस इंची, रिम ५५९ मिलिमीटरची, मामांनी आउट काढून दिलेली, पुढचं टायर जवळजवळ नवं. कुणाच्या उपयोगाची असतील तर वारज्याला येऊन घेऊन जा. पैसे नकोत, पण येताना रिक्षा आणू नका, त्या रिक्षावाल्याने आम्हाला ओळखलं आहे.