नेमाने चुकण्याचे मोल

बंदूक सरळ मारत नाही, हे ज्ञान नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या आधी त्यांना सोडायला आलेल्या मोठ्यांना होते. मुले रायफलमध्ये गुंतलेली असतात. मागच्या खुर्चीवर बसलेल्यांना विचार करण्याखेरीज उद्योग नसतो. भाचीच्या निमित्ताने नाशिकच्या रेंजवर माझी अशा एका खुर्चीवर नेमणूक झाली आणि सिनेमाने करून दिलेल्या बऱ्याच समजुती तिथे गळून पडल्या.

गोळी नळीतून सुटली रे सुटली की खाली यायला लागते. पॉइंट टूटू रायफलची गोळी ५० मीटर जाईपर्यंत सुमारे बारा सेंटिमीटर उतरलेली असते. आणि जिथे ती बसायला हवी ते दहा गुणांचे वर्तुळ आहे फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचे. म्हणजे डोळ्याने समोर पाहायचे आणि नळीने जरा वर. दोघांची नजर वेगळी, जागाही वेगळी. डोळा वरच्या मजल्यावर, नळी खालच्या. ठरलेल्या अंतरावर या दोघांची गाठ घालून देणे, याला रायफल झिरो करणे म्हणतात.

हे काम साइटवरच्या दोन छोट्या चकत्या करतात. एक वर-खाली सरकवते, दुसरी डावी-उजवीकडे. फिरवली की 'टिक्' असा आवाज येतो. तो एक क्लिक. लांब पल्ल्याच्या रायफलवर दुर्बीण असते. तिच्या चकतीचा एक क्लिक बहुधा कोनाच्या मिनिटाचा चौथा हिस्सा असतो. शंभर मीटरवर गोळी त्याने सात मिलिमीटर सरकते, हजार मीटरवर सात सेंटिमीटर. बोटाला कळतही नाही एवढ्या हालचालीचा तिकडे केवढा विस्तार होतो! म्हणूनच क्लिक फिरवायची घाई करायची नाही, हा रेंजवरचा पहिला संस्कार.

नवशिक्याला मात्र नेमकी तीच घाई असते. गोळी डावीकडे गेली, की चार क्लिक उजवीकडे. पुढची उजवीकडे गेली, की सहा डावीकडे. तिसरी कुठे गेली ते फक्त तिलाच ठाऊक. मागच्या खुर्च्यांवरून "अरे, जरा वर घे ना!" असा सल्लाही येतो, आणि तो ज्यांना घरातला पंखा सोडून कशाचाही रेग्युलेटर फिरवता येत नाही अशांकडून येतो. प्रशिक्षकांचे म्हणणे एकच: हात लावू नकोस. पाच गोळ्या त्याच जागी नेम धरून मार. मग बघू.

पाच गोळ्या मारून झाल्या की टार्गेटवर भोकांचा पुंजका दिसतो. त्याला ग्रुप म्हणतात. खरी गंमत इथे आहे. पाचही भोके नाण्याएवढ्या जागेत, पण मध्यापासून चांगली दूर, खाली डाव्या कोपऱ्यात पडली, तर प्रशिक्षक खूश होतात. उलट मध्याच्या चहूबाजूंनी पाच दिशांना पाच भोके विखुरली, एखादे थेट दहात जाऊन बसले, तरी त्यांचा चेहरा पडतो. दहात बसलेल्या गोळीचे कौतुक तिथे कोणालाच नसते. ती चुकून बरोबर आलेली असते.

हे मला पटले ते अण्णामामांमुळे. अण्णामामा कोणत्याही कार्याला चाळीस मिनिटे उशिरा पोचतात. पंचेचाळीस नाहीत, पस्तीस नाहीत. मुहूर्त १२:१५ चा असला की त्यांना ११:३५ सांगायचा. मंगलाष्टके सुरू होताना मामा अक्षता हातात घेऊन उभे. त्यांचा मुलगा मात्र कधी मांडववाल्याच्या आधी येतो, तर कधी पंगत उठल्यावर. सरासरी काढली तर तो घरातला सर्वांत वक्तशीर माणूस ठरेल. पण त्याच्या भरवशावर नवरदेवाची गाडी सोडता येत नाही. मामा नेमाने चुकतात, म्हणून त्यांना झिरो करता येते. मुलाला करता येत नाही, कारण त्याच्या चुकीला ठावठिकाणाच नाही.

देवळालीच्या तोफखान्याची रीत थोडी वेगळी. तिथे निरीक्षक अधिकारी पहिला गोळा लक्ष्याच्या पलीकडे पडला, तर दुसरा मुद्दाम अलीकडे टाकायला लावतो. लक्ष्य दोन चुकांच्या मध्ये सापडले, की अंतर निम्मे करायचे, मग पुन्हा निम्मे. पण तत्त्व तेच: चूक लपवायची नाही, मोजायची.

एकदा झिरो केली म्हणजे रायफल जन्माची सुधारली, असेही नाही. तो झिरो त्या अंतराचा, त्या गोळ्यांचा आणि त्या हवेचा. डिसेंबरात निफाडकडून बोचरी थंडी येते, तेव्हाची हवा वेगळी आणि एप्रिलच्या दुपारची वेगळी. गोळ्यांचा लॉट बदलला की पुन्हा श्रीगणेशा. म्हणून स्पर्धेत सुरुवातीला साइटिंगची वेळ देतात. तेव्हा हव्या तितक्या गोळ्या मारा, चुका, क्लिक फिरवा; त्यांचे गुण कोणी मोजत नाही. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्य मिळवले, ते ४५१.४ गुण घेऊन. अंतिम फेरीत तो सातव्या क्रमांकाने आला होता. दशांशात हिशेब चालणाऱ्या या खेळात एका क्लिकची किंमत काय असते, ते त्या गुणांकडे पाहिले की कळते.

मग हजार यार्डांवर काय होत असेल! तिथे गोळी तीन मजली इमारतीएवढी खाली उतरते आणि वाऱ्याची एक झुळूक तिला टार्गेटबाहेर नेऊ शकते. अशा अंतरांवर १८७४ साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरला आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात गाजलेला सामना झाला: ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयर्लंडच्या मिल्नर यांनी वारा जोखला, साइट लावली, श्वास रोखला आणि गोळी थेट बुलमध्ये, म्हणजे टार्गेटच्या मधल्या वर्तुळात, बसवली. फक्त टार्गेट शेजारचे होते. बुलला चार गुण असत. मिल्नर यांना मिळाले शून्य. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. ते चार मिळाले असते, तर आयर्लंड एका गुणाने जिंकले असते.

मिल्नर यांच्या रायफलचा झिरो वादातीत होता. म्हणून भाचीला मी क्लिकबद्दल काही सांगत नाही; त्यासाठी प्रशिक्षक आहेत. मागच्या खुर्चीवरून एवढेच विचारते, "बाई गं, तुझ्या टार्गेटचा नंबर वाचलास का?" ती वैतागते, पण वाचते.